नाव ठेवणारा माणूस

नावे ठेवणारी माणसे आपल्याला पदोपदी भेटतात. पण साऱ्या वनस्पतिसृष्टीला नाव देण्याचा ध्यास घेणारा विरळाच. कार्ल लिनियस हा असा माणूस होता. मी कला शाखेची विद्यार्थिनी. झाडापेडांशी माझा संबंध आमच्या शेताच्या बांधापुरता. बांधावरचा पिवळा धोत्रा मला अगदी आपल्या मातीतला वाटे. त्याचे शास्त्रीय नाव ‘आर्जेमोने मेक्सिकाना’ आहे असे कळले आणि मी चकित झाले. आमच्या बांधावर मेक्सिको कुठून आले? या प्रश्नाने मला लिनियसच्या चरित्रापर्यंत नेले.

१७०७ साली दक्षिण स्वीडनमधील एका खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, पण बागेचे मोठे वेडे; आडनावसुद्धा त्यांनी लिंडेन या झाडावरून घेतलेले! मुलगा वैद्यक शिकला, मन मात्र रानात रमले. १७३२ साली त्याने लॅपलँडचा खडतर प्रवास केला. १७४१ साली तो उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाला.

त्या काळी झाडाचे लॅटिन नाव म्हणजे लांबलचक वर्णनच असे. लिनियसने १७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लँटेरम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोनच शब्दांचे नाव दिले; जणू आडनाव आणि नाव. तो भारतात कधी आला नाही, तरी आपल्या पिंपळाचे शास्त्रीय नाव त्यानेच ठेवले. दूरदेशी गेलेले शिष्य त्याला वनस्पती पाठवीत. वाळवलेले रोप कागदावर चिकटवून तो जपून ठेवी. हे कागद मात्र तो वहीत बांधून टाकीत नसे; ज्ञान वाढले की त्यांची जागा बदलता यावी म्हणून सुटेच ठेवी.

‘मेक्सिकाना’ हा शब्द धोत्र्याचे माहेर सांगतो. परमुलखातून आलेल्या, पण आता लागवडीवाचून आपल्याच बियांवर वाढणाऱ्या अशा वनस्पतींना संशोधक देशी न म्हणता ‘रुजलेल्या’ म्हणतात. आपले लोक याला फिरंगी धोत्रा म्हणतात, ते उगीच नव्हे! मात्र हा खरा धोत्रा नव्हेच. कुळाने तो अफूचा भाऊबंद.

लिनियसही चुकला. तुळशीला त्याने १७५३ साली ‘ओसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हणजे नाजूक फुलांची असे नाव दिले आणि १७६७ साली ‘ओसिमम सँक्टम’ म्हणजे पवित्र असे दुसरे. दोन्ही एकच असे पुढे ठरले. आधीचे नाव तेच खरे, हा शास्त्राचा नियम. म्हणून ‘पवित्र’ मागे पडले. मला वाईट वाटले, पण न्याय पटला. ज्याने नाव दिले त्याचीही चूक इथे दुरुस्त होते!

१७७८ साली लिनियस वारला. पाच वर्षांनी मुलगाही गेला आणि १७८४ साली लिनियसच्या विधवा पत्नीने सारा संग्रह एका इंग्रज तरुणाला विकला. स्वीडनचे ते धन आज लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. नावाविषयी शंका आली की संशोधक आजही ते कागद तपासतात.

नाताळच्या सुटीत बांधावर धोत्रा पुन्हा फुललेला दिसला. या वेळी मी त्याचे पान, फूल, काटे नीट न्याहाळले. नाव ठेवण्याआधी पाहावे लागते; नावे ठेवणाऱ्यांना तेवढी सवड नसते.