विश्लेषण : मॉन्टेसरीचे महागडे साहित्य अंगणात कसे उतरले? ताराबाई मोडक यांची गोष्ट

अंगणवाडीत मुले चिंचोके निवडतात, मणी ओवतात, मातीचे लाडू वळतात. पालकांना अनेकदा हा टाइमपास वाटतो आणि ‘लिहायला कधी शिकवणार?’ असा प्रश्न येतो. महाराष्ट्रात हे खेळ बालशिक्षणात कसे रुजले, हे पाहायचे तर ताराबाई मोडक यांच्यापर्यंत मागे जावे लागते.

कोण होत्या ताराबाई?

जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे त्या राजकोटला महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. हे पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तिथे वकिली सोडलेले गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवत होते. दोघांच्या कामातून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

पेन्सिलच्या आधी बोटे

भावनगरचे काम मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीवर आधारलेले होते. या पद्धतीतला एक लाकडी ठोकळा पाहा. त्यात वेगवेगळ्या मापांची भोके असतात आणि प्रत्येकात बसणारी एकेक दट्टी. दट्टीची छोटी मूठ मूल अंगठा आणि दोन बोटांनी पकडते. पेन्सिल धरतानाही हीच तीन बोटे लागतात. दट्टी चुकीच्या भोकात गेली तर शेवटी एक उरते, म्हणजे चूक साहित्यच दाखवते, कुणी ओरडावे लागत नाही. (इंजिनिअरला आवडेल असेच डिझाइन!)

मॉन्टेसरींची पहिली शाळा १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झाली होती. पण काटेकोर मापाचे हे साहित्य महाग, त्यामुळे पुढे ते ऐपतदारांच्या शाळांत जास्त दिसू लागले. ताराबाईंनीही १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शहरातल्या मुलांची सोय झाली. खेड्यातल्या मुलांचे काय?

बोर्डीत काय बदलले?

१९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत (आता पालघर जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. तिचे नाव अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग खेळ. दट्ट्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या आणि माती आली. बी चिमटीत उचलायलाही तीच तीन बोटे लागतात. तत्त्व तेच, फक्त मटेरियल बदलले.

यात एक अडचण होती, ती लपवण्यात अर्थ नाही. शिंपला मापात बनत नाही, त्यामुळे चूक आपोआप दिसत नाही. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत याकडे मुलाचे लक्ष वेधायला जाणती बाई हवी. म्हणूनच गावातल्या स्त्रियांना बालसेविका म्हणून तयार करणे हा या कामाचा कणा होता. आज ‘मॉन्टेसरी टॉय’ म्हणून खोका विकत आणणाऱ्या घरांत नेमका हाच भाग सुटतो, असे वाटते.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले. तिथली मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

१९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी.