पडद्याआडचा परीक्षक आणि कोसंबी

तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा वारकऱ्याच्या पायाखालची वाट किती जुनी असेल? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी याचा शोध घेतला होता. पंढरीच्या वाटांवर सापडणाऱ्या गारगोटीच्या बारीक हत्यारांवरून त्यांनी या वाटांचे मूळ अश्मयुगातल्या भटक्यांपर्यंत नेले. हे इतिहासकार कोसंबी आपल्या ओळखीचे. पण त्यांचा पोटापाण्याचा विषय गणित होता, आणि तिथली त्यांची कथा फारशी सांगितली जात नाही.

जन्म १९०७, गोव्यातला; शिक्षण हार्वर्डला. १९३१ साली आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या चिथावणीवरून त्यांनी कधी जन्मालाच न आलेल्या बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचा सिद्धांत पुढे नेणारा निबंध लिहिला. संयुक्त प्रांतातल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने तो छापलाही!

वास्तविक संपादकाने असा निबंध त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडायचा असतो. त्यांची नावे लेखकाला कळत नाहीत. छापा, दुरुस्त करून घ्या किंवा परत पाठवा, असा त्यांचा शेरा येतो, निर्णय संपादकाचा. काम बहुधा बिनपैशाचे. आम्हा बँकवाल्यांत व्हाउचर लिहिणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा, तसेच हे. फक्त इथे पास करणाऱ्याची सही दिसत नाही. भीड न धरता चूक सांगता यावी म्हणून हा पडदा. त्याआडून जुनी उणीदुणीही काढली जातात, ते निराळे.

पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, १९४४ साली, कोसंबींनी जनुकांमधले अंतर मोजण्याचे सूत्र इंग्लंडमधल्या नामांकित नियतकालिकात मांडले. ते आजही वापरात आहे. एवढ्या ताकदीच्या माणसाने १९५९ साली काय करावे? रीमान या जर्मन गणितज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मूळ संख्यांविषयी केलेले अनुमान सिद्ध केल्याचा दावा त्यांनी शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला! तिथे या विषयाचा परीक्षक कुठून मिळणार? बंद पाकिटात कळली असती ती चूक चारचौघांत उघडी पडली. ते अनुमान आजही सुटलेले नाही.

१९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. अणुऊर्जेला त्यांचा विरोध होता, स्वभावही तिखट. पण या निबंधाचाही उल्लेख कारणांत होतो. पुढे एस. ड्युक्रे या टोपणनावाने त्यांनी मूळ संख्यांवर लिहिणे चालूच ठेवले. १९६६ च्या जूनमध्ये पुण्यात ते गेले, त्याआधी थोडेच दिवस या विषयावरचे पुस्तक त्यांनी लिहून पुरे केले होते. ते छापले गेले नाही.