नदीपलीकडचे बेट : मदर मेरी अल्फोन्सा

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला ईस्ट रिव्हर नदीत एक लांबट, अरुंद बेट आहे. त्याचे आजचे नाव रुझवेल्ट बेट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते ब्लॅकवेल बेट होते. तिथे तुरुंग होता आणि निराधारांचे भिक्षागृहही. कॅन्सर बरा होणार नाही असे दिसले की इस्पितळे रोग्याला निरोप देत. हा रोग संसर्गजन्य आहे असा तेव्हा अनेकांचा समज होता, म्हणून भाड्याच्या खोलीतही थारा मिळत नसे. पैसेवाल्याला आपल्या घरी, आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोळे मिटता येत. गरिबाच्या वाट्याला ते बेट येई.

एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईला असेच बेटावर पाठवल्याची हकीकत रोझ हॉथॉर्न लॅथ्रॉप यांच्या कानी आली. त्यांची मैत्रीण, कवयित्री एमा लॅझारस, १८८७ मध्ये कर्करोगानेच गेली होती. पण तिला शुश्रूषेत काही कमी पडले नव्हते. हा फरक रोझ यांना स्वस्थ बसू देईना.

रोझ या प्रसिद्ध कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या धाकट्या कन्या. जन्म १८५१ चा. विसाव्या वर्षी लग्न झाले. एकुलता एक मुलगा फ्रान्सिस १८८१ मध्ये घटसर्पाने दगावला. १८९१ मध्ये पतिपत्नींनी कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली, पण पतीच्या दारूमुळे १८९५ मध्ये त्या ख्रिस्तसभेच्या परवानगीने वेगळ्या झाल्या.

पुढच्याच वर्षी, पंचेचाळिशीत, त्यांनी न्यूयॉर्कच्या कॅन्सर इस्पितळात तीन महिने जखमा धुण्या-बांधण्याचे काम शिकून घेतले. मग त्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या वस्तीत भाड्याची खोली घेऊन राहिल्या. रोग्यांनी आपल्याकडे यावे म्हणून वाट न पाहता त्याच रोग्यांच्या आळीत गेल्या. आम्हाला त्यांच्या चरित्रातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. ॲलिस ह्यूबर ही तरुण चित्रकार त्यांना येऊन मिळाली. रोग्याला पाहुणा मानायचे, दुर्गंधीने नाक मुरडायचे नाही आणि रोग्याकडून वा नातलगांकडून पैसा घ्यायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. तो त्यांच्या धर्मभगिनी आजही पाळतात.

१९०० मध्ये दोघींनी डॉमिनिकन झगा धारण केला आणि रोझ यांच्या मदर मेरी अल्फोन्सा झाल्या. १९०१ मध्ये शहराच्या उत्तरेला, मोकळ्या हवेत, रोझरी हिल हे घर सुरू झाले. तरीही शहरातले घर त्यांनी मोडले नाही. टेकडीवरची हवा कितीही चांगली असली, तरी वस्तीतल्या नातलगाला तिथवर पोहोचायला भाडे आणि एक दिवसाची मजुरी पडते.

आपल्या मुंबईत वांद्र्याला, मोत माउलीच्या डोंगरावर, १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. भारतातले हे पहिले हॉस्पिस. मोतमाउलीच्या सणाला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ते बाहेरून पाहिले असेल. पण मोखाडा-जव्हारच्या पाड्यावरून तिथवर येण्यात दिवस मोडतो. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण आखले, आणि तिथे परिचारिका रोग्याच्या दारापर्यंत जाऊ लागल्या. इतर अनेक राज्यांत दुखणे थांबवणारे मॉर्फिन अजूनही मोठ्या शहरापलीकडे सहज मिळत नाही. जगभरात अशा सेवेची गरज असलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे चौदांनाच ती लाभते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी फिरताना आम्हाला यामागची घरे दिसतात. ज्या घरापर्यंत रिक्षा येते, तिथे नर्सही येते. पायवाटेच्या शेवटच्या घरात रात्रभर कण्हणे ऐकू येते.

मदर अल्फोन्सा ९ जुलै १९२६ रोजी रोझरी हिलमध्ये प्रभुघरी गेल्या. ती त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची तारीख. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.