फेरेटची शिंक

फ्लूवर जगभर पाळत ठेवणारं नेटवर्क कोणी सुरू केलं, ठाऊक आहे? लंडनच्या डॉ. ख्रिस्तोफर अँड्र्यूज (१८९६-१९८८) यांनी. १९३३ मध्ये स्मिथ आणि लेडलॉ यांच्यासोबत त्यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या मदतीने. पुढे शिंकणाऱ्या फेरेटने एका संशोधकालाच फ्लू दिला. आयता पुरावाच की! पण हा बहुरूपी एका प्रयोगशाळेला आवरणारा नव्हता. म्हणून १९४७-४८ मध्ये त्यांच्याच संस्थेत जागतिक इन्फ्लुएंझा केंद्र उभं राहिलं. देशोदेशीचे नमुने तिथे ताडून बघितले जात. आपल्या पुण्याची एनआयव्हीही आज या जाळ्यात आहे. १९५७ चा एशियन फ्लू मात्र जगाला उशिरा कळला, कारण चीन तेव्हा जाळ्याबाहेर होता. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, नोडच गप्प, मग अलार्म कुठून वाजणार?