स्टेशनावरचे अत्रे आणि झेंडूतले केशवकुमार

सकाळी साडेसातला आमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी पडतात ते हिरवे-पिवळे चौकोन. आजचा वर्डल कुणाला कितव्या प्रयत्नात सुटला, त्याचा हिशेब. ज्याला सहाव्या फटक्यातही जमलं नाही, त्याने संध्याकाळपर्यंत चार ओळी करून टाकायच्या, यमकासकट, हा आमचा नियम. लालबाग, परळ, दादर, गिरगाव अशी विखुरलेली आठ टाळकी आहेत. त्यातले काही जण एकमेकांना वर्षभरात दोनदाही भेटलेले नाहीत. चाल कुठलीही चालते. शाळेतली कविता, आरती, सिनेमातलं गाणं. विषय बहुतेक वेळा कॅन्टीन, लोकल, नाहीतर सबमिशन.

२०२५ च्या मे महिन्यात वरळीचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि महिना व्हायच्या आत पावसाचं पाणी आत शिरलं. त्या दिवशी ग्रुपवर चार ओळींचा नुसता पूर आला. सगळ्यांत स्टेशनचं नाव होतं: आचार्य अत्रे चौक. मग कुणीतरी विचारलं, हे अत्रे नक्की कोण? संयुक्त महाराष्ट्रवाले, असं उत्तर आलं आणि विषय संपला. उत्तर बरोबरच होतं. पण आम्ही जो खेळ रोज खेळतो, त्याचे मराठीतले सगळ्यात मोठे खेळाडू तेच होते, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

प्रल्हाद केशव अत्रे जन्मले १३ ऑगस्ट १८९८ रोजी, सासवडजवळच्या कोडीत गावी. कऱ्हा नदीचा हा मुलूख. पुढे आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ असंच नाव दिलं. शिकायला पुण्यात आले आणि तिथे त्यांना राम गणेश गडकरी भेटले. आजच्या भाषेत सांगायचं तर गडकरी तेव्हाचे सुपरस्टार. नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. एकाच माणसाचे तीन आयडी. शब्दावर शब्द आपटून ठिणगी पाडायची, कोटीवर कोटी रचायची, हा त्यांचा छंद. अत्र्यांनी त्यांना गुरू मानलं ते आयुष्यभरासाठी. पण हा गुरू फार दिवस लाभला नाही. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. अत्रे तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते.

कवितेसाठी अत्र्यांनी घेतलेलं टोपणनाव हेच मुळात एक शब्दकोडं आहे. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात ते कृष्णाजी केशव दामले सही करायचे केशवसुत, म्हणजे केशवचा मुलगा. अत्र्यांच्या वडिलांचं नावही केशवच. मग त्यांनी सुत काढून कुमार घातला आणि झाले केशवकुमार. अर्थ तोच, नाव वेगळं. एका नावात मोठ्या कवीला नमस्कारही झाला आणि बारीकसा चिमटाही.

आता १९२३ च्या पुण्याकडे या. काही तरुण कवींनी तिथे रविकिरण मंडळ काढलं. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे वगैरे मंडळी रविवारी जमायची, चहा व्हायचा, एकमेकांना नवीन कविता वाचून दाखवायची. वेगळ्या शब्दांत, ग्रुपच की हा. त्यांच्या कवितेने तरुण वाचकांना वेड लावलं. प्रेम, विरह, हुरहुर, फारसी शब्दांची झिलई, सुनीतं, गझला. आणि कुठलीही गोष्ट गाजली की तिची नक्कल करणारे शंभर निघतात, तसे तेव्हाही निघाले. मासिकं उसाशांनी भरून गेली.

१९२५ मध्ये केशवकुमारांचं ‘झेंडूची फुले’ आलं. नाव बघा. कवींची फुलं म्हणजे गुलाब, पारिजातक, जाई-जुई. झेंडू कोण कवितेत घेतो? दादरच्या फुलबाजारात पहाटे जाऊन बघा, तो ढिगाने ओतलेला असतो. दसऱ्याला दारावर, गाडीच्या बॉनेटवर, मशीनवर, सगळीकडे तोच. स्वस्त, भरगच्च, कुणाचीच भीड नसलेला. पुस्तकाचं नाव वाचूनच वाचकाला कळावं की इथे काय चाललंय.

आतली युक्ती ऐकायला सोपी आहे. गाजलेल्या कवितेचं वृत्त तेच ठेवायचं, शब्दांची ऐटही तीच ठेवायची, आणि आतला विषय काढून त्या जागी काहीतरी फालतू बसवायचं. ‘परिटास’ ही कविता घ्या. सूर असा, की जणू जिवलग दूरदेशी गेलाय आणि कुणीतरी त्याची वाट पाहून झुरतंय. प्रत्यक्षात वाट पाहायची आहे परटाची, कारण घरातले कपडे त्याच्याकडे आहेत. ‘फूल, कवी, बाला आणि मासिक’ या कवितेच्या नावातच त्या काळच्या कवितेचं सगळं सामान मांडून ठेवलंय.

ऐकायला सोपी म्हटलं, करायला नाही. आम्ही रोज करतो म्हणून सांगते. मूळ कविता पाठ असल्याशिवाय विडंबन जमत नाही, आणि नुसती पाठ असूनही भागत नाही. कवी कुठे श्वास घेतो, कुठला शब्द त्याला उगाच आवडतो, तो कुठे खोटा पडतो, हे ठाऊक लागतं. एक मात्रा घसरली की विनोद मरतो. स्वतः केशवकुमारांनी गंभीर कविताही लिहिल्या होत्या, ‘गीतगंगा’ हा त्यांचा संग्रह आहे. ज्याला तो सूर लावता येत होता, त्यानेच तो मुद्दाम बेसूर केला. मला तर वाटतं, रविकिरण मंडळाचा इतका बारकाईने वाचणारा वाचक दुसरा नसेल. अर्थात, ज्यांची फिरकी घेतली त्यांना ते सगळं गोड लागलं असेल असं नाही. पण गंमत अशी की माधव ज्युलियन १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि सहा वर्षांनी नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले ते अत्रे. पुढे १९५० मध्ये मुंबईच्या संमेलनात यशवंत. थट्टा झालेले आणि थट्टा करणारा, एकाच रांगेतल्या खुर्च्यांवर.

केशवकुमारांचं एक कोडं तर तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत सोडवलंय, फक्त कवीचं नाव विसरला असाल: ‘आजीचे घड्याळ’. आजीकडे एक घड्याळ आहे. ते टिकटिक करत नाही, त्याला किल्ली लागत नाही, कुणाला दिसत नाही, आणि तरी आजीची वेळ कधी चुकत नाही. पोरं घरभर शोधतात. उत्तर कवितेत कुठेही लिहिलेलं नाही. कोंबडा, ऊन, सावली यांच्यावरून आपणच ओळखायचं. आणि हे बालगीत लिहिलंय कशात, तर शार्दूलविक्रीडितात! ओळीला १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. लग्नात अक्षता टाकताना जी मंगलाष्टकं कानावर पडतात, ती बहुधा याच वृत्तातली. आजीचं घड्याळ त्या चालीवर म्हणून बघा, चपखल बसतं. मी एका मैत्रिणीच्या हळदीला म्हणून दाखवलं होतं. भटजीबुवांनी आधी मान डोलावली, मग चमकून वर पाहिलं.

हे सगळं सुचत होतं ते एका शाळामास्तराला. अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, अध्यापनाची पदवी घ्यायला लंडनलाही जाऊन आले, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. मास्तरकी आणि शब्दांचा चाळा यांचं काहीतरी जमत असावं. इंग्लंडात लुईस कॅरल गणित शिकवायचा. एका शब्दातलं एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचायचं कोडं त्याने १८७९ मध्ये एका मासिकातून चालवलं होतं, आणि ‘अ‍ॅलिस’मधल्या बऱ्याच कविता म्हणजे तेव्हाच्या पोरांना घोकाव्या लागणाऱ्या कवितांची विडंबनंच आहेत.

पुढचं आयुष्य इतकं भरलेलं की इथे धावतच जावं लागेल. ‘साष्टांग नमस्कार’, ‘लग्नाची बेडी’, ‘मोरूची मावशी’, ‘तो मी नव्हेच’ ही नाटकं. ‘ब्रह्मचारी’सारखे सिनेमे. १९५३ चा ‘श्यामची आई’, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. ‘नवयुग’ साप्ताहिक. आणि १५ नोव्हेंबर १९५६ पासून दैनिक ‘मराठा’.

इथून अत्रे खऱ्या अर्थाने आपल्या भागातले. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून चाललेल्या आंदोलनात शिवाजी पार्कच्या सभा त्यांनी गाजवल्या. गिरणगावातला कामगार पाळी संपवून त्यांना ऐकायला यायचा. रविकिरणी उसाशांची टर उडवताना जे कौशल्य कामाला आलं, तेच आता सत्ताधाऱ्यांवर चाललं: समोरच्याचं मोठं वाक्य उचलायचं आणि त्यातली हवा काढायची. अतिशयोक्ती तर त्यांची ट्रेडमार्क. कुठल्याही गोष्टीला ते गेल्या आणि पुढच्या दहा हजार वर्षांची मोजपट्टी लावत, आणि समोरची गर्दी ती मोजपट्टी यायची वाटच बघत असे. १९५७ मध्ये ते मुंबईतून आमदार झाले. राज्याचं नाव महाराष्ट्रच असलं पाहिजे, यासाठीही ते भांडले. शब्दांशी खेळणाऱ्या माणसाला एका शब्दाची किंमत कळत होती.

पण याच काळातलं सगळंच मला आवडत नाही, हे सांगून टाकते. झेंडूच्या फुलांत हसू कवितेवर होतं. ‘मराठा’च्या काही अग्रलेखांत ते माणसावर आलं, त्याच्या दिसण्यावर, घरावर, खासगी आयुष्यावर. ना. सी. फडक्यांशी त्यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि त्यात दोन्हीकडून जे लिहिलं गेलं, ते आज वाचताना मजा येण्यापेक्षा अवघडल्यासारखं जास्त होतं. चाहते म्हणतात, तो काळच तसा होता. असेल. पण तीच लेखणी १९२५ मध्ये कुणाचंही आडनाव न घेता जास्त हसवत होती.

मला हे टोचतं त्याला कारण आहे. मागच्या सेमिस्टरला मी आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या केटीवर चार ओळी केल्या. यमकं फर्स्ट क्लास होती. पंधरा-वीस हसऱ्या इमोजी पडल्या आणि रात्री तो ग्रुप सोडून गेला. त्या ओळींत त्याची कविता नव्हती, तो होता.

अत्र्यांचं आणखी एक सांगायला हवं. ज्या नेहरूंवर त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत सडकून टीका केली, ते १९६४ मध्ये गेले तेव्हा अत्रे त्यांच्यावर लेखामागून लेख लिहीत राहिले. ‘सूर्यास्त’ नावाने त्यांचं पुस्तक झालं. मृत्युलेख लिहावा तर अत्र्यांनी, असं तेव्हाचे वाचक मानत. इथे अतिशयोक्ती होती, पण हवा काढणं नव्हतं.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे गेले.

‘झेंडूची फुले’ अजून छापलं जातं. ज्या कवितांची त्यात नक्कल आहे, त्यातल्या कितीतरी मूळ कविता आता कुणी वाचत नाही. मी तरी त्या विडंबन वाचल्यावर शोधून काढल्या. माझी प्रत दादरला घेतलेली, पिवळी पडलेली. ग्रुप सोडून गेलेल्याला ‘परिटास’चा फोटो पाठवला, सॉरी वगैरे काही न लिहिता. दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला उत्तर आलं: त्याच चालीवर चार ओळी, विषय माझं इस्त्री न केलेलं जर्नल आणि माझी यमकं. दुसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडली होती. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.