दोन धंदे बुडाले, पण डेन्वरमध्ये शिकलेल्या एका गोष्टीनं हर्शीला उभं केलं

हर्शीचं चॉकलेट आपल्याला माहितीये. पण ज्यांच्या नावानं ते विकलं जातं, त्या मिल्टन हर्शी यांची शाळा चौथीतच सुटली होती.

1857 साली पेनसिल्व्हेनियात जन्म. पोरवयातच एका मिठाईवाल्याच्या हाताखाली काम शिकले. 1876 मध्ये फिलाडेल्फियात दुकान टाकलं, पण ते बुडालं.

मग डेन्वर गाठलं. तिथं कॅरमेलवाल्याकडं राबताना कळलं, ताजं दूध घातलं की कॅरमेल चवदार होतं आणि टिकतंही.

पुढं न्यूयॉर्कमध्येही धंदा बसला, पण ही युक्ती हातात होती. 1886 मध्ये लँकेस्टरला परतून काढलेली कॅरमेल कंपनी मात्र जोरात चालली.

1893 च्या शिकागो प्रदर्शनात चॉकलेटची जर्मन यंत्रं दिसली, भावानं ती विकतच घेतली! 1900 साली कॅरमेल कंपनी 10 लाख डॉलरला विकली आणि दुधाचं चॉकलेट पाच सेंटमध्ये सामान्यांच्या हातात दिलं.

मूलबाळ नव्हतं. 1909 मध्ये पत्नी कॅथरीनसोबत अनाथ मुलांसाठी शाळा काढली, तिथं अभ्यासाबरोबर हातचं कामही शिकवलं जायचं. 1918 मध्ये बहुतेक सगळी संपत्ती शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकली.

1945 मध्ये ते गेले. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाची ती शाळा आजही चालू आहे.