स्टीव्हन्स यांचे अपुरे राहिलेले काम

थॅडियस स्टीव्हन्स हे नाव आपल्याकडे लिंकनइतके परिचित नाही. वस्तुतः गुलामगिरीनंतरच्या अमेरिकेची कायदेशीर घडी बसविण्यात त्यांचा वाटा फार मोठा. १७९२ साली व्हर्मॉन्टमध्ये जन्मलेले, एका पायाने अधू असलेले हे गृहस्थ पेनसिल्व्हेनियात वकिली करू लागले. १८२१ मध्ये त्यांनी मालकाचे वकीलपत्र घेऊन एका कृष्णवर्णीय स्त्रीचा मुक्ततेचा दावा हाणून पाडला, हे चरित्रकाराने लपवू नये. पुढे १८३८ साली मात्र कृष्णवर्णीयांना मताधिकार नाकारणाऱ्या राज्यघटनेवर सही करण्याचे त्यांनी साफ नाकारले.

यादवी युद्धानंतर ते प्रतिनिधिगृहाचे धुरीण होते. बंडखोर जमीनदारांच्या जमिनी काढून मुक्त गुलामांना ४० एकरांचे तुकडे द्यावेत, ही त्यांची योजना स्वपक्षीयांनीच उचलून धरली नाही. जमिनीवाचून हक्क लंगडा राहतो, हे कूळकायद्याचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. चौदावी घटनादुरुस्तीही त्यांना तोकडी वाटे. तरी पदरी पडले ते त्यांनी स्वीकारले. जुलै १८६८ मध्ये अठ्ठावीस राज्यांची मान्यता मिळाली, ऑगस्टमध्ये ते निवर्तले.

तीच दुरुस्ती समोर असता सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली वर्णविभाजन वैध ठरविले, आणि तिच्याच आधारे १९५४ मध्ये शाळांतील विभाजन घटनाबाह्य ठरविले. कायद्याच्या समान संरक्षणाची तिची शब्दयोजना आपल्या घटनेच्या १४ व्या अनुच्छेदात आहे.

वर्णभेद पाळणाऱ्या दफनभूमी नाकारून स्टीव्हन्स यांनी लँकेस्टरमधील सर्वांस खुली असलेली एक लहानशी दफनभूमी स्वतःसाठी निवडली होती.